मधल्याचे पैसे

सुताराचा खांदा एका दिवसात गेला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी उजवा हात कानाच्या वर जाईनासा झाला, मग छातीच्या वर जाईना, आणि एका सकाळी सदऱ्याच्या बाहीत हात घालताना तो असा कळवळला की त्याची बायको, थोरली, चुलीपुढून उठून धावत आली. दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटींचं काम अंगावर घेतलं होतं. लाकूड येऊन पडलं होतं. आणि रंधा काही डाव्या हातानं चालत नाही.

थोरलीनं दोन दिवस त्याची धडपड पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विहिरीवरची जुनी दोरी आणली, रंध्याच्या नाकाला आवळून बांधली आणि फळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"हे काय?" सुतारानं विचारलं.

"तुम्ही नुसता दाबून धरा. ओढते मी."

"बाईमाणसानं रंधा ओढायचा?"

"मग बसा बघत. चौकटी आपोआप गुळगुळीत झाल्या तर मला हाक मारा, मीही बघायला येईन."

सुतार पुटपुटला, पण त्यानं रंध्यावर हात ठेवला. थोरलीनं दोरी मनगटाला एक वेढा देऊन ओढली. पहिल्यांदा रंधा अडला, दुसऱ्यांदा उडाला, तिसऱ्यांदा लाकडाचा एक लांब पातळ छिलका वर येऊन गोल झाला. "हं," सुतार म्हणाला. तेव्हापासून ती दोघं रोज सकाळी ऊन शेडमध्ये येईपर्यंत असंच काम करत. तो दाबायचा, ती ओढायची. तिच्या तळव्याची कातडी आधी सोलवटली, मग निबर झाली. घामानं भुसा मानेला चिकटायचा आणि खाज सुटली तरी दोन्ही हात दोरीला गुंतलेले असायचे.

ठेकेदार चौकटी बघायला आला तो नेमका अशा वेळी. तो फाटकात उभा राहून जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "वा मिस्त्री, मशीन झकास घेतलंत. विजेवर चालतं का चहावर?"

त्याच्याबरोबरचा माणूस हसला. थोरलीनं दोरी सोडली नाही, पण सुतारानं रंधा उचलून बाजूला ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. तिला ठेकेदारापेक्षा नवऱ्याचाच राग आला. आपण काय चोरी करत होतो?

ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्यानं झालेल्या चौकटींवरून हात फिरवला, मान डोलावली, आणि मग खरं ते बोलला. "काम चांगलं आहे, पण या चालीनं तुमचं महिनाअखेरपर्यंत होत नाही. मला इमारत उभी करायची आहे. लोखंडी चौकटी तयार मिळतात, सांगितलं की दुसऱ्या दिवशी गाडी दारात. मशीन घ्या हो एखादं. नाहीतर शहरात फर्निचरच्या कारखान्यात या, ओळख आहे माझी. बसून पॉलिश मारायचं. त्याला खांदा लागत नाही."

बसून पॉलिश मारायचं. वडिलांच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासून लाकूड कापलेला माणूस, स्वतःच्या शेडला कुलूप लावून, शहरातल्या कुठल्यातरी खोलीत राहून दुसऱ्याच्या टेबलांना पॉलिश मारणार.  त्या दुपारी सुतार जेवला नाही.

संध्याकाळी मात्र म्हणाला, "रस्त्याकडची पट्टी विकावी म्हणतो. मशीन येईल त्यात."

शेडपासून रस्त्यापर्यंत जमिनीची एक अरुंद पट्टी होती. तिच्यात काही पिकत नव्हतं, नुसती लाकडं पडलेली असत.

"कोणाला विकणार?" थोरलीनं विचारलं.

"कोणालाही. त्याला सोडून."

त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची या घरात गरज नव्हती. पट्टीच्या पलीकडे, एका भिंतीच्या आडोशाला, सुताराचा सख्खा धाकटा भाऊ राहत होता. दोघांमध्ये अबोला होता. सुताराची मुलगी सासरी जाऊन तिची मुलं शाळेत जायला लागली, इतका जुना अबोला.

झालं होतं ते एवढंच. वडिलांच्या मागे दोघे भाऊ मिळून मोठी करवत ओढायचे; एक ओंडक्याच्या या टोकाला, एक त्या टोकाला. धाकट्याला त्या कामाचा कंटाळा होता. एके दिवशी ओंडका निम्मा कापून झालेला असताना तो थांबला, हात झटकले आणि म्हणाला, "दादा, उद्यापासून मी ट्रॅक्टरवर जातोय." उद्यापासून म्हणाला, पण गेला तो त्याच क्षणी. करवत ओंडक्यात तशीच अडकलेली. थोरल्यानं ती एकट्यानं ओढून ओंडका पुरा केला, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. धाकट्यानंही मनवायला यायचं सोडून दिलं, कारण तोही त्याच बापाचा मुलगा. पुढे त्यानं स्वतःचा ट्रॅक्टर घेतला आणि सगळे त्याला ट्रॅक्टरवाला म्हणू लागले. कामधंदा तोडला म्हणून नातं तोडायचं का, असं लोकांनी दोघांनाही विचारून पाहिलं. मग लोकही दमले.

फक्त त्यांच्या बायका दमल्या नव्हत्या.

घरांच्या मागच्या बाजूला, जिथं भिंत खांद्याएवढीच उंच होती, तिथं थोरली कोंबड्यांना दाणे टाकायला यायची आणि पलीकडे धाकटी कपडे वाळत घालायला. दोघी जावा तिथं रोज बोलायच्या. एकमेकींकडे न बघता बोलायच्या, म्हणजे कोणी पाहिलं तर एक कोंबड्यांशी बोलते आहे आणि दुसरी कपड्यांशी, एवढंच दिसावं. नवऱ्यांनी बंदी घातली होती आणि दोघींनीही मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

"पट्टी विकायला काढतायत," थोरली म्हणाली.

पलीकडे झटकलेल्या चादरीचा आवाज थांबला. "खरंच? अहो जाऊबाई, आमच्या ह्यांचा जीव अडकलाय त्या पट्टीत. रस्त्यावर यायचं तर ओढ्यातून वळसा घालावा लागतो. परवा चाक रुतलं तर अर्धा दिवस शिव्या देत होते."

"मग सांग ना त्यांना."

"आणि तुला कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर? तुम्हीच सांगा भावजींना, घेणारा घरात आहे म्हणून."

"त्यांनी मला आधीच सांगितलंय. त्याला सोडून कोणालाही."

थोरलीनं चिमूटभर दाणे टाकले. मग धाकटी हळूच म्हणाली, "रोज सकाळी तुमच्या शेडमधून रंध्याचा आवाज येतो ना, दोघांचा. हे परवा म्हणाले, त्यानं माणूस ठेवलाय वाटतं. मग उठून ट्रॅक्टर पुसत बसले. पुसलेलाच होता."

थोरलीनं मुठीतले सगळे दाणे एकदम टाकले. कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. "तो माणूस मीच आहे म्हणावं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "नको, नको म्हणूस." तिला हसू आलं. ती म्हणाली, "यात तिसरा माणूस घालायला पाहिजे."

"मधला?"

"मधलाच."

मधला हा काही त्यांचा भाऊ नव्हता, जरी नवख्या माणसाला तसं वाटायचं. तो जमिनींचा एजंट. किडकिडीत, गळ्यात पिशवी, बुडाखाली मोटरसायकल. खताच्या दुकानामागच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खताचा वास फुकट. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभा राहून तो जेवत होता म्हणून मधला. त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. कोणाचं नाव घ्यायचं नाही. "पार्टी आहे," एवढंच म्हणायचं. पार्टी कोण हे बयाण्याच्या दिवशी कळणार, तोवर माणसं आशेवर राहतात आणि भावही बरा निघतो.

थोरली खिळे आणायच्या निमित्तानं गेली, धाकटी तिच्यामागून काही वेळानं, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन. मधल्यानं दोघींना एकाच खोलीत बघितलं आणि खुर्चीतून उठून दार लोटलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मी मिस्त्रींना सांगायचं की पार्टी स्वतःहून आली आहे. आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं की पट्टी विकायला आली आहे. आणि तुम्ही दोघी यात कुठंच नाही."

"कुठंच नाही," थोरली म्हणाली.

"माझ्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, वहिनी. त्याचेच तर पैसे घेतो." मग तो थांबला. "पण ते पैसे द्यायचे कोणी? आपल्याकडे रीत अशी, एजंटाला ज्यानं बोलावलं त्यानं त्याचं कमिशन द्यायचं. म्हणजे खरं तर तुम्ही."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "आधी सौदा तर होऊ दे," धाकटी म्हणाली. "मग काय, एवढ्या पैशात ते सुद्धा निघतील."

इथंच दोघी चुकल्या. जमिनीचा भाव काय येईल, मशीन कधी येईल, ट्रॅक्टर कुठून वळेल, सगळा विचार केला. हे एक पुढे ढकललं.

मग मधल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तो सकाळी सुताराच्या शेडमध्ये यायचा, ओंडक्यावर बसायचा, पार्टीचं म्हणणं सांगायचा, सुताराचं म्हणणं ऐकून घ्यायचा. मग मोटरसायकल सुरू करून पार चौकापर्यंत जायचा, तिथं चहा घ्यायचा आणि ओढ्याच्या वाटेनं वळसा घालून ट्रॅक्टरवाल्याच्या अंगणात पोचायचा. दोन्ही दारांमध्ये अंतर एका हाकेचं. पण पार्टी लांबची आहे असं वाटायला पेट्रोल जाळायलाच हवं.

"पार्टी म्हणते, मिस्त्री फार ताणतायत."

"पार्टीला म्हणावं, रस्त्याला लागून जमीन आहे. ताणणारच."

असं चाललं होतं. थोरली रंध्याची दोरी ओढता ओढता हे ऐकायची आणि तोंड भिंतीकडे करायची. एकदा सुतार म्हणाला, "माणूस बरा दिसतोय, पार्टी. उगाच घासाघीस करत नाही." त्यावर तिला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

भाव ठरला. मशीनच्या दुकानदारानं महिनाअखेरपर्यंत एक रंधा-मशीन बाजूला काढून ठेवायचं कबूल केलं. सुतारानं शेडमध्ये ते कुठं बसेल ती जागा झाडून काढली, एकदा झाडली तरी पुन्हा झाडली. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा तरतरी दिसली.

बयाण्याच्या दिवशी सुताराबरोबर थोरलीही मधल्याच्या ऑफिसात गेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. ट्रॅक्टरवाला दारात आला, त्याच्यामागे धाकटी. दोघे भाऊ समोरासमोर. कोणी बसेना. बाहेर दुकानात कोणीतरी पोती मोजत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

थोरलीला वाटलं, आता उठतील आणि जातील. सगळं मुसळ केरात. पण सुतार खाली बसला. त्यानं दुखरा हात दुसऱ्या हातानं उचलून टेबलावर ठेवला आणि मधल्याकडे बघत म्हणाला, "जमीन विकायची ती विकायची. कोणीही घेईना का."

ट्रॅक्टरवालाही मधल्याकडेच बघत म्हणाला, "मला वाट पाहिजे. कोणाची का असेना."

बयाणा दिला गेला, घेतला गेला. मधल्यानं टेबलावरूनच इकडून तिकडे सरकवला, म्हणजे हाताला हात लागला नाही. थोरलीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मधला घसा खाकरून म्हणाला, "आता माझं तेवढं."

"ते त्याच्याकडून घे," सुतार म्हणाला. "पार्टी स्वतःहून आली असं तूच सांगितलंस. म्हणजे बोलावलं त्यानं. त्याला सांग."

"मी?" ट्रॅक्टरवाला मधल्यावरच भडकला. "पट्टी विकायला आली आहे म्हणून तू माझ्या दारात आलास. विकणाऱ्यानं बोलावलं असेल तर विकणारा देईल. सांग त्याला."

"मी बोलावलं नाही म्हणावं."

"मग काय मी बोलावलं? विचार त्याला."

दोघेही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. आणि दोघांनाही समोरचा धडधडीत खोटं बोलताना दिसत होता. मधला एकदा डावीकडे बघे, एकदा उजवीकडे, आणि भिंतीला टेकलेल्या दोन बायकांकडे बघायचं कटाक्षानं टाळे.  थोरलीनं तोंड उघडावं तर इतक्या वर्षांची चोरी उघडी पडते आणि सौदा तिथंच मोडतो. न उघडावं तर कमिशनावर मोडतो. ती पदर बोटाला गुंडाळत राहिली. धाकटी पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती.

"अर्धं अर्धं करा," मधला म्हणाला.

"का म्हणून?" दोघे एकदम म्हणाले.

घरी येताना सुतार थोरलीला म्हणाला, "पैशाचं नाही गं. त्याला जमीन दिली, गिळलं मी. पण त्यानं एजंट पाठवायचा आणि त्याची मजुरीही मी द्यायची? तेव्हाही काम अर्धं टाकून गेला, आताही तेच."

"आणि त्यांनी नसेल पाठवला तर?"

"मग काय तो वाऱ्यावर उडत आला?"

थोरली चार पावलं पुढे चालू लागली.

बयाणा झाला, पण खरेदीखत अडलं. मधला म्हणाला, माझं मिटल्याशिवाय मी कचेरीत उभा राहणार नाही. महिना उतरणीला लागला. ऊन इतकं तापलं की शेडच्या पत्र्याखाली लाकूड तडकल्याचा आवाज यायचा. दोघं अजून लवकर उठून कामाला लागत. एका सकाळी रंधा गाठीवर अडला, थोरलीनं जोर लावला, दोरी तुटली आणि ती पाठीवर पडली. सुतार उचलायला धावला, तर त्याचा खांदा धरला आणि तो तिच्याशेजारी भुशात बसला. काही वेळ दोघं तशीच बसून राहिली. तिची कंबर ठणकत होती. "लागलं का?" त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. "तुम्हाला?" "नाही," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात ठेकेदार येऊन अर्ध्या खिडक्या रद्द करून गेला. या वेळी त्यानं चेष्टा केली नाही, आणि ते चेष्टेपेक्षा वाईट वाटलं. जाताना म्हणाला, "कारखान्याचं विचारून ठेवलंय मी. कळवा." सुतारानं मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते थोरलीला कळलं नाही.

भिंतीशी धाकटी म्हणाली, "मी अंड्यांचे साठवलेत. तुम्ही थोडे घाला. गुपचूप देऊन टाकू मधल्याला."

दोघी गेल्या. मधल्यानं पैशांकडे बघितलं, आणि एजंट असूनही हात पुढे केला नाही. "घेतले असते हो. पण उद्या दोघे विचारतील, कोणी दिले? मी सांगायचं नाही. मग मिस्त्री समजतील ट्रॅक्टरवाला नमला, आणि ट्रॅक्टरवाला समजेल मिस्त्री नमले. दोघेही माना ताठ करून फिरतील. मग ही भिंत तुमची नातवंडं पण पाडू शकायची नाहीत." पैसे परत सरकवत तो म्हणाला, "मला सौदे मोडलेले बघायची सवय आहे, वहिनी. तुम्हाला आहे का, ते बघा."

दोन दिवसांनी तो सुताराच्या दारात आला. सौदा मोडला असं धरून बयाणा परत करायचा होता. ट्रॅक्टरवाल्यालाही त्यानं बोलावून घेतलं होतं, आणि तो शेडमध्ये येईना म्हणून सगळे पट्टीतच उभे राहिले, लाकडांच्या ढिगाशी, उन्हात. सुतार खिशात बयाण्याचे पैसे घेऊन आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सकाळीच त्यानं थोरलीला विचारलं होतं, शहरातल्या खोलीत चूल ठेवू देतात का म्हणून.

"मोजून घ्या," मधला ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला.

"मोजायचं काय," ट्रॅक्टरवाला म्हणाला. पण त्यानं हातही पुढे केला नाही.

थोरली फाटकाशी उभी होती. तिला एकदम अतिशय राग आला. ठेकेदाराचा नाही, मधल्याचा नाही, स्वतःचा. कोंबड्यांशी बोलण्यात एवढी वर्षं घालवली, आणि जिथं बोलायचं तिथं तोंड शिवून उभं राहायचं?

"मी बोलावलं," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही.

"मधल्याला मी बोलावलं. खिळे आणायला गेले होते तेव्हा. त्यांनी नाही बोलावलं आणि तुम्हीही नाही. तुम्ही दोघेही खरं बोलताय आणि एकमेकांना खोटं पाडताय."

"एकट्या नव्हत्या," मागून धाकटी म्हणाली. तिच्या हातात ओला कपडा तसाच होता. "मी पण होते."

सुतारानं थोरलीकडे बघितलं, मग भावाच्या बायकोकडे. "तुम्ही दोघी बोलता?"

"रोज."

"कधीपासून?"

"तुम्ही बंद केलंत तेव्हापासून," थोरली म्हणाली. "कोणीतरी बोलायला नको?"

मधला लाकडाच्या ढिगावर टेकला आणि रुमालानं मान पुसू लागला. त्याचं गुपित संपलं होतं, त्याला सुटल्यासारखं झालं असावं.

सुतार वळला. या वेळी मधल्याकडे नाही. "तुला माहीत होतं?" त्यानं भावाला विचारलं.

ट्रॅक्टरवाला गडबडला. त्यानं मागे वळून बघितलं, आपल्यालाच विचारलं का म्हणून. "नाही. तुला?"

"नाही."

दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. ट्रॅक्टरवाल्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. भिंतीपलीकडून ते दिसले नव्हते.

"खांद्याचं तरी कोणी सांगायचं," तो म्हणाला. "मशीनला पैसे पाहिजे होते तर मागायचे ना. जमीन कशाला विकायची?"

"मागितले असते तर दिले असतेस?"

 थोरलीला वाटलं, आता हा हो म्हणेल, आणि ते खोटं असेल, आणि ते खोटं पुन्हा पुढची वर्षं पुरेल. हो म्हण, असंही तिला वाटलं. धाकटीनं ओला कपडा पिळला, आधीच पिळलेला.

ट्रॅक्टरवाल्यानं खाली बघितलं. "नसते दिले," तो म्हणाला. "त्या वेळी नसते दिले. तू मागायला आलास म्हणून बरं वाटलं असतं, आणि तरी नसते दिले."

सुतारानं मान डोलावली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मीही नसती विकली. तू विचारायला आला असतास तर कुत्रं सोडलं असतं अंगावर."

"कुत्रं कुठंय तुझ्याकडं?"

"आणलं असतं."

थोरलीला तेव्हा रडू आलं, पण तिनं ते आवरलं, कारण सुतार खिशातले पैसे चाचपत होता आणि अजून काही ठरलं नव्हतं.

"मग याचं बरोबर आहे," सुतार मधल्याकडे बोट करून म्हणाला. "आपल्याला बोलता येत होतं आणि आपण बोललो नाही. ते यानं केलं. चौकाला वळसे घालून केलं. त्याची मजुरी झालीच. अर्धी माझी, अर्धी तुझी. बायकांना त्यात ओढायचं नाही."

"बायकांच्याकडून मी घेतलेही नसते," मधला म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

बयाणा सुताराच्या खिशातच राहिला. कचेरी उद्या उघडी होती, मशीनच्या दुकानदाराकडे त्यानंतर लगेच जाता येण्यासारखं होतं. धाकटीनं विचारलं, उरलेल्या खिडक्या तरी वेळेत होतील ना, आणि थोरली म्हणाली, मशीन आलं तर होतील. गेलेल्या अर्ध्या परत येणार नव्हत्या. ठेकेदाराला कारखान्याचं नको म्हणून कळवायचं, हे सुतार स्वतःच म्हणाला.

मग पांगापांग सुरू झाली. ट्रॅक्टरवाला निघाला. दोन पावलं गेल्यावर त्याला काहीतरी आठवलं. तो मधल्याकडे वळून म्हणाला, "त्याला सांग, उद्या लवकर निघावं लागेल. कचेरीत रांग असते."

मधला मोटरसायकलवर बसला होता. किल्ली लावता लावता तो म्हणाला, "ते तिथंच उभे आहेत. तुम्हीच सांगा. ठरलेल्या मजुरीत हे येत नाही."

ट्रॅक्टरवाला उभाच राहिला. मोटरसायकलचा आवाज चौकाच्या दिशेनं लांब गेला. सुतारही हलला नाही. थोरली फाटकाची कडी धरून उभी होती.

"दादा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. आवाज घोगरा आला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, "दादा, उद्या लवकर निघायला पाहिजे."

"हो," सुतार म्हणाला. "उन्हाच्या आधी निघू."